नाव अर्थपूर्ण नाही

निरोप समारंभात आमचे प्राचार्य म्हणाले, "मॅडमनी जळगावात बसून जगभर ज्ञानदान केलं." टाळ्या पडल्या, शाल-नारळ झालं आणि मी खाली मान घालून बसले. लोकांना तो विनय वाटला. खरं म्हणजे मला हसू आवरत नव्हतं. ज्ञानदान वगैरे मी काही केलं नाही. मी जगभरच्या शहाण्या माणसांची भांडणं सोडवत होते, तीही फुकट, आणि त्यातली निम्मी भांडणं ओळीच्या सुरुवातीला किती जागा मोकळी सोडावी यावर होती.

पगाराची नोकरी तंत्रनिकेतनातल्या संगणक प्रयोगशाळेची. हे दुसरं काम गळ्यात पडलं ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, कॉलेजला इंटरनेटचं कनेक्शन आल्यावर. टपाल घेणारा, सांभाळणारा आणि ज्याचं त्याला पोचवणारा एक सर्व्हर प्रोग्राम होता. तो कुणा एका कंपनीचा नव्हता. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही वाचावा, वापरावा, दुरुस्ती सुचवावी. अशा कामाला पुढे ओपन सोर्स असं भारदस्त नाव मिळालं. तेव्हा आम्ही नुसतं 'प्रोजेक्ट' म्हणायचो. असोद्याला माहेरी गेले तेव्हा आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"म्हंजे तू पोस्टमन झाली का?"

"पोस्टमन नाही गं, पोस्ट ऑफिस दुरुस्त करणारी."

"पगार कोन देते?"

"कुणी नाही."

"मंग कायले करतं वं माय?" असं म्हणून ती केळीच्या पानावर भरीत वाढायला लागली.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. दुरुस्तीला आम्ही पॅच म्हणायचो. सायकलच्या ट्यूबला लावतात तोच. साधा पॅच असेल तर सरळ लागायचा. ज्यावर वाद व्हायचा, किंवा ज्याचा पाठवणारा अनोळखी असायचा, तो तीन परीक्षकांच्या पेटीत यायचा. आम्ही तिघांनी तो वाचून 'अधिक एक' किंवा 'उणे एक' असं मत द्यायचं. एकाने जरी उणे एक दिलं तरी पॅच परत. मात्र कारण लिहून द्यावं लागे. प्रोजेक्ट सुरू करणारा गृहस्थ युरोपात कुठेतरी राहायचा. शेवटचा शब्द त्याचा. मी मनातल्या मनात त्याला पाटील म्हणायचे.

मी परीक्षक कशी झाले, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या शहाणपणाची त्या मंडळींत ख्याती होती. "जळगावची बाई घाईने बोलत नाही, वाद शांत झाल्यावर चार ओळी लिहिते आणि त्या बरोबर असतात," असं पाटलाने एकदा सगळ्यांना लिहिलं आणि मला नेमून टाकलं. आता खरी गोष्ट. कॉलेजात टेलिफोनची लाइन एकच, आणि ती प्राचार्यांच्या केबिनमधली. ते नऊला यायचे. मी साडेसातला जाऊन मोडेम लावायची, आलेली पत्रं उतरवून घ्यायची आणि लाइन सोडायची. मग दिवसभर वाचन. उत्तर जायचं ते दुसऱ्या दिवशी साडेसातला. म्हणजे भांडणाला तोंड लागलं की मी नेमकी चोवीस तास मागे. तोवर दोन्हीकडचे वीर दमलेले, काही जण तर माफी मागून मोकळे झालेले असायचे. मी शेवटचं पत्र वाचून जे त्यात ठरलं होतं तेच गंभीरपणे लिहायची. लाइन चांगली असती तर मीही पहिल्या तासात तोंडाळपणा केला असता आणि कुणी मला दारात उभं केलं नसतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. एक जण दर महिन्याला राजीनामा द्यायचा. त्याला कुणी कामावर ठेवलेलंच नव्हतं, त्यामुळे राजीनामा घ्यायचा कुणी हाही वाद व्हायचा. दुसऱ्याने 'तुमचं मुळापासून चुकलंय' असं म्हणून सबंध सर्व्हर नव्याने लिहून पाठवला. तो आम्ही चालवून पाहिला, तर टपाल घ्यायचा छान, पण कुणाला द्यायचाच नाही. त्याला तसं कळवलं तेव्हा त्याचं उत्तर आलं, की देण्याचा भाग किरकोळ आहे, तो कुणीही लिहील. सर्व्हरने टपाल आणणाऱ्याला जो नमस्कार करायचा असतो, त्या वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असावं की नसावं यावर तर पुरे तीन आठवडे घनघोर झालं. आमच्याकडे सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा माणसं इतकी पेटत नाहीत. मी शेवटी 'पूर्णविराम द्यावा' असं लिहिलं आणि दोन्ही पक्षांनी माझी वाहवा केली.

हे सगळं मी हसत सांगते. पण नानांची गोष्ट सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला, आणि तिथे मला फारसं हसता येत नाही.

एका सकाळी पेटीत पॅच आला. पाठवणाऱ्याच्या जागी नाव नव्हतं, नुसतं 'ऑपरेटर'. सोबतच्या चार ओळींच्या मोडक्या इंग्रजीत एवढंच होतं, की फोनची लाइन मध्येच तुटली की सर्व्हरला ते कळत नाही. तो तुटलेल्या माणसाची वाट पाहत जागा अडवून बसतो. अशा दहा-वीस लाइनी तुटल्या की सगळ्या जागा भरतात आणि नव्या माणसाला दार बंद. या पॅचने सर्व्हर तुटलेल्या बठ्ठ्या लाइनी सोडून देईल.

बठ्ठ्या! सगळ्या इंग्रजीत तो एकच शब्द आपल्याकडचा. मी खुर्चीत सरळ झाले. कोडमध्येही तेच. एकूण लाइनींचा आकडा ज्या खान्यात ठेवायचा, त्याचं नाव होतं 'बठ्ठा', इंग्रजी अक्षरांत. सगळ्यांना आमच्या असोद्याकडे 'सगये' म्हणतात. बठ्ठा म्हणणारा माणूस धुळ्याकडचाच.

दोष खरा होता. आमच्याकडे तो रोज घडायचा. शिपाई केबिनमधला फोन उचलायचा, लाइन तुटायची, आणि असं दहा-वीस वेळा झालं की आमचा सर्व्हर मुका व्हायचा. मी तो बंद करून परत चालू करायची. प्रोग्रामची चूक असेल असं कधी डोक्यातसुद्धा आलं नाही. आपलीच लाइन दरिद्री, आपलीच वायर जुनी, असं मी धरून चालले होते. परदेशातल्या मंडळींच्या लाइनी तुटतच नसत, त्यामुळे त्यांना हा दोष दिसणं शक्य नव्हतं. तो दिसायला खानदेशातला टेलिफोनच हवा होता, आणि परदेशी प्रोग्रामवर बोट ठेवायची हिंमत.

आता मी काय करायला हवं होतं? अधिक एक द्यायचं, आणि दोन ओळी मराठीत शाबासकीच्या लिहायच्या. मी काय केलं? माझ्या मनात पहिला विचार आला, आपल्या भागातला माणूस आहे, लोक म्हणतील जळगाववालीने गाववाल्याला आत घेतलं. मग मी भिंग घेऊन बसले. प्रोजेक्टचा नियम होता, आतल्या ओळीआधी चार जागा सोडायच्या. ऑपरेटरने तीन सोडल्या होत्या. उणे एक. कारण: जागा.

चार दिवसांनी पॅच परत आला, चार जागा सोडून. या वेळी मी कोडमधले शेरे वाचले. प्रोग्राम लिहिणारा स्वतःच्या आठवणीसाठी मध्येमध्ये शेरा लिहितो, सर्व्हर तो वाचत नाही. एक शेरा होता, 'आठे लाइन तुटनी', म्हणजे इथे लाइन तुटली. नियम: शेरे इंग्रजीत हवेत. उणे एक.

तिसऱ्यांदा आला. जागा चार, शेरे इंग्रजीत, काम चोख. आता परत पाठवायला काहीच उरलं नव्हतं, आणि माझ्या निःपक्षपातीपणाला काहीतरी खायला हवं होतं. नियमांच्या कागदात एक वाक्य सापडलं: खान्यांची नावं अर्थपूर्ण असावीत. मी लिहिलं, "बठ्ठा हे नाव अर्थपूर्ण नाही."

हे मी लिहिलं. जिला त्या शब्दाचा अर्थ पेटीतल्या तिघांपैकी एकटीलाच ठाऊक होता, तिने.

दुसऱ्या सकाळी ऑपरेटरचं उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत पण आपल्या भाषेत. "अक्का, तुमना पत्रखाले जळगाव लिखेल शे. बठ्ठाना अर्थ तुमले म्हाईत नही?" खाली पहिल्यांदाच नाव होतं, नाना, धुळे. मी उत्तर दिलं नाही. पॅच पुन्हा आला नाही.

महिन्याभराने आमच्याच पेटीतल्या तिसऱ्या परीक्षकाने स्वतःचा म्हणून एक पॅच पाठवला. या गृहस्थाने 'फॉक्स' असं टोपणनाव घेतलं होतं आणि तो त्या नावाला जागला. लाइन तुटली की जागा सोडून देणारा पॅच. ओळ न् ओळ नानांची. एवढंच नाही, घाईत खान्याचं नावसुद्धा बदलायचं राहिलेलं: बठ्ठा. कुणीतरी विचारलं, हे नाव काय? फॉक्सने पापणीही न लववता लिहिलं, "बफर ॲलोकेशन टेबल, हॅश्ड, थ्रेड हँडल अवेअर. आद्याक्षरं जोडली आहेत." आमच्या सर्व्हरमध्ये ना हॅश टेबल होतं ना थ्रेड. पण इतकं जड नाव ऐकल्यावर विचारण्याची कुणाची छाती नव्हती. फॉक्स जुना माणूस, त्यामुळे पेटीची पायरीच नको. अर्ध्या दिवसात पॅच लागला आणि योगदान करणाऱ्यांच्या यादीत फॉक्सच्या नावापुढे एक ओळ वाढली. माझ्यापर्यंत हे पोचलं तेव्हा, नेहमीप्रमाणे, सगळं होऊन चोवीस तास झाले होते. या वेळी त्या उशिराला कुणी शहाणपण म्हटलं नाही.

रविवारी मी धुळ्याची एसटी धरली. एरंडोल, पारोळा करत गाडी चालली होती आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. त्यातलं एकही पुढे कामाला आलं नाही.

नानांच्या ईमेलच्या पत्त्यात एका शिक्षणसंस्थेचं नाव होतं; तिच्या मुख्य कचेरीत ते रविवारीही सर्व्हरपाशी होते. पन्नाशी ओलांडलेली, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. खोलीबाहेर चपला काढायच्या, मशीनवर नक्षीदार कापड. साक्री, शिरपूर, दोंडाईचा इथल्या शाळांचं टपाल फोनवरून त्यांच्या सर्व्हरवर यायचं. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा माणूस उठून उभा राहिला आणि "या अक्का" म्हणाला, तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं.

चहा आला. मी विचारलं, "नाना, पहिल्या वेळी तीन जागा का सोडल्या होत्या?"

"आठेना कागद लहान शे," ते प्रिंटरकडे बोट दाखवत म्हणाले. "मी पडदावर तपासत नही, छापीसन तपासस. चार जागा सोड्यात का वळ कागदना बाहेर जास."

कपाटातून त्यांनी भोकं पाडलेल्या कडांच्या कागदांची चळत काढली. पॅच सगळ्यात वरच होता, तांबड्या शाईने तपासलेला. प्रत्येक पानावर तारीख आणि सही.

मी फॉक्सची हकिकत सांगितली. सोबत आणलेल्या फ्लॉपीवरून त्यांचाच पॅच लागलेला नवा सर्व्हर शेजारच्या मशीनवर चालवून दाखवला. नाना वाकून बघत राहिले.

"आते लाइन तुटनी तरी चालस?"

"चालतो. सगळीकडे. जगभर."

"मंग व्हई गयं," ते म्हणाले. थोडा वेळ कागदाची कड नखाने सारखी करत बसले. मग म्हणाले, "तुम्ही तीन डाव परत धाडं. मले वाटनं, आपली अक्का शे, चांगलं बारीक देखी राहिनी. तिसरा डावले मात्र लागनं. परका मानूस म्हनता तं काही वाटतं नही."

मी तांबड्या शाईची पानं एकेक करून उलटत गेले.

"आन नाव म्हनशात तं," ते हळूच हसले, "हजेरीवर मी ऑपरेटर, पगारपत्रकवर ऑपरेटर. सायेबसुद्धा ऑपरेटरले बलाव म्हनस. पुढला साल मी रिटायर. एक जागा तरी सुकदेव नाव छापेल ऱ्हातं तं बरं वाटतं."

तो कागदांचा गठ्ठा मी पिशवीत घालून आणला. सोमवारी सकाळी सगळ्या प्रोजेक्टला पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा चार ओळींत आटपलं नाही. बठ्ठा हा कुठल्याही टेबलाचा संक्षेप नाही, आमच्या भागातला शब्द आहे, त्याचा अर्थ 'सगळा'. तो अर्थ मला माहीत होता. माहीत असूनही तो अर्थपूर्ण नाही असं मी लिहिलं. मूळ पॅच धुळ्याच्या सुकदेव नावाच्या माणसाचा आहे, आणि तो अडवणारी मी आहे.

मग जे झालं ते प्रोजेक्टच्या रीतीला धरूनच झालं. वाद पेटला. फॉक्स म्हणाला, मी फक्त 'साफसफाई' केली, आणि नियमाप्रमाणे जो पाठवतो त्याचं नाव लागतं. काहींनी 'बठ्ठा' बदलून इंग्रजी नाव द्या म्हटलं; काहींना ते जड संक्षेपाचं नावच आवडलं होतं, त्यांनी ते खरं नसलं तरी ठेवावं असा आग्रह धरला. एकाने राजीनामा दिला, तो नेहमीचाच. तीन आठवड्यांनी पाटलाने निवाडा दिला. बठ्ठा हे नाव राहील. त्याच्यावर शेरा टाकला जाईल: 'पश्चिम भारतातल्या एका भाषेत अर्थ: सगळा.' आणि शेऱ्याच्या शेवटी, अर्थ सांगणाऱ्याचे आभार म्हणून नाव घातलं. माझं!

वर पाटलाने मला खासगीत लिहिलं, की स्वतःची चूक इतक्या उघडपणे कबूल करणारी माणसं प्रोजेक्टला हवीत, म्हणून आजपासून तुझ्याकडे किल्ली. म्हणजे दुरुस्ती मी स्वतः सर्व्हरच्या कोडमध्ये लावू शकत होते. नानांचा पॅच अडवल्याबद्दल मला बढती मिळाली. सरकारी नोकरीत याहून वेगळं काय होतं!

किल्लीवाल्यांसाठी एक नियम होता आणि तो सगळ्यात कडक: दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय स्वतःचं काही लावायचं नाही. इतकी वर्षं मी हाच नियम लोकांच्या डोक्यात हाणत आले होते. मंगळवारी सकाळी साडेसातला मी मोडेम लावला. योगदान करणाऱ्यांची यादी उघडली आणि त्यात एक ओळ घातली: सुकदेव, धुळे, तुटलेल्या लाइनी. कुणालाही विचारलं नाही, कुणालाही दाखवलं नाही, मतं मागवली नाहीत. शिपायाने तेवढ्यात केबिनमधला फोन उचलला असता तर अर्धवटच गेलं असतं. पण त्या दिवशी देवाने त्याला चहा प्यायला पाठवलं होतं. ओळ गेली. मी वाट पाहिली, एक दिवस, दोन दिवस, आठवडा. उद्गारचिन्हावर तीन आठवडे भांडणाऱ्या त्या शेकडो डोळ्यांपैकी एकालाही ती दिसली नाही.

यादीचं ते पान मी छापून टपालाने धुळ्याला पाठवलं. खऱ्या टपालाने, पाकिटात. म्हटलं, कागदावर तपासणारा माणूस आहे, त्याला कागदच हवा.

दहाएक दिवसांनी सकाळी मोडेम लावला तेव्हा पेटीत पत्र होतं. पाठवणाऱ्याच्या जागी 'ऑपरेटर' नव्हतं, 'सुकदेव' होतं. आत तीन ओळी.

"अक्का, पान भेटनं. मन्हा नावना पहिले तीनच जागा सुटेल शेतस, चार पायजेत. उणे एक. दुरुस्त करीसन परत धाडा."